जुन्या घरातील कॉर्निस काढून टाकावी का?

प्रश्न : गिरगावातील आमची इमारत सुमारे १०० वर्षांपूर्वीची आहे. दिवाणखान्यात भिंत आणि छत जिथे मिळतात, तिथे चारही बाजूंनी वेलबुट्टीची जाड कॉर्निस, म्हणजे पुढे आलेली नक्षीदार आडवी पट्टी, आहे. पावसाळ्यात तिचा एक कोपरा फुगला असून खपल्या पडत आहेत. कंत्राटदार म्हणतात, ती सगळी काढून पीओपीची तयार पट्टी लावू आणि बाहेरच्या भिंतीवरील, रस्त्याकडील कॉर्निसचे तुटलेले भाग सिमेंटने भरू. आपला सल्ला काय?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : कृपया कॉर्निस काढू नका. फुगलेला कोपरा हे बहुतेक वेळा पाणी मुरत असल्याचे लक्षण असते. ते पाणी गच्चीतून, वरच्या घरातील मोरीतून की बाहेरच्या भिंतीतून येते, हे शोधून बंद केल्याशिवाय नवी पट्टीही टिकणार नाही. त्यातही पीओपी म्हणजे भाजून दळलेले जिप्सम. ते काही मिनिटांत घट्ट होते म्हणून कारागिरांना सोयीचे वाटते, परंतु सततच्या ओलीत ते मऊ पडून सुटू लागते.

मूळ कॉर्निस कशाची आहे, हे आधी पाहा. रंगाचे थर सोलून आतल्या गिलाव्यावर व्हिनेगरचा थेंब टाकावा. चुना असेल तर तो फेसाळतो, शुद्ध पीओपी सहसा फेसाळत नाही. जुना रंग मात्र कोरडा घासू नका, कारण त्यात शिसे असू शकते आणि ती धूळ घरातल्या मुलांना घातक ठरते.

चुन्याची कॉर्निस असेल, तर सुटलेला भागच चुन्याने पुन्हा घडवता येतो. जुने गवंडी पत्र्याचा साचा कापून तो पट्टीच्या आधाराने ओल्या गिलाव्यावरून फिरवीत आणि सलग कंगोरे काढीत. पाने-फुले वेगळी ओतून नंतर चिकटवीत. आपल्या शाबूत बाजूवरून तसाच साचा आजही काढता येईल. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो, म्हणून हे काम पावसाळा सरल्यावर हाती घ्यावे आणि सुरुवातीचे काही दिवस गिलावा ओलसर ठेवावा.

बाहेरच्या कॉर्निसविषयी मला अधिक काळजी वाटते, कारण ती केवळ शोभेची नसते. मुंबईच्या पावसात भिंतीवरून ओघळणारे पाणी ती पुढे फेकते, आणि तिच्या पुढच्या काठाखाली कोरलेल्या बारीक खाचेमुळे ते मागे भिंतीकडे न सरकता तिथूनच ठिबकून खाली पडते. रंगकाम करताना ही खाच पुट्टीने बुजवली जाते आणि मग भिंत का ओलावते ते कुणाच्या लक्षात येत नाही. सिमेंटचा थर चुन्याच्या जुन्या गिलाव्यापेक्षा फार कडक आणि कमी सच्छिद्र असतो. आतली ओल बाहेर पडत नाही, क्षार मागेच साचतात आणि काही वर्षांत सिमेंटसकट जुना चुनाही निखळतो. फटीत पिंपळ उगवला असेल, तर तो ओढून उपटू नये. मुळांबरोबर वीट-दगडही हलतात.

दक्षिण मुंबईतील हॉर्निमन सर्कल या गोल बागेभोवतीच्या इमारती एकदा अवश्य पाहाव्यात. त्या सगळ्या मिळून एकच वर्तुळ भासतात, यात कमानींइतकाच कॉर्निसच्या सलग आडव्या रेषेचा वाटा आहे, असे माझे मत आहे.

आपली इमारत पालिकेच्या वारसा यादीत किंवा वारसा परिसरात मोडत असेल, तर दर्शनी भागाला हात लावण्यापूर्वी पालिकेकडे परवानगीची चौकशी करावी; मुंबईत वारसा नियमावली १९९५ पासून लागू आहे.