विद्युत परिपथ पडद्यावर शिकवताना: पहिला तास

मॅडम, सुरुवातीला एकच सिम्युलेशन (पडद्यावरचा आभासी प्रयोग) घ्या: फेट (PhET) या मोफत विज्ञान-सिम्युलेशनच्या संकेतस्थळावरचं डीसी सर्किट (Circuit Construction Kit: DC). फाइल आदल्या दिवशीच लॅपटॉपवर उतरवून ठेवा, ती नेटशिवाय चालते.

आधी मुलांच्या हातात खरा सेल, टॉर्चचा बल्ब आणि वायर द्या. मग पडद्यावर ९ व्होल्टची बॅटरी, १० ओहमचा बल्ब आणि धारा मोजणारा अ‍ॅमीटर जोडा, तो ०.९ अँपिअर दाखवेल. दुसरा तसाच बल्ब एकसर (एकामागे एक) जोडण्याआधी प्रत्येकाला अंदाज वहीत लिहायला लावा. येतो ०.४५. बरीच मुलं ०.९ च लिहितात, कारण बॅटरी ठरावीक धारा देते असं त्यांना वाटतं. इथे भरपूर वेळ द्या, खरं शिकणं इथेच होतं.

या चुका टाळा:
- माउस स्वतःकडेच ठेवणं.
- खऱ्या बल्बमध्येही धारा बरोबर निम्मी होईल असं सांगणं. बल्बमधली तार कमी तापली की तिचा रोध घटतो, म्हणून धारा निम्म्याहून जास्त राहते.

समांतर जोडणी पुढच्या तासाला.