मॅथ्स सोडू नकोस, आणि बाबांना एचएलए लॅबबद्दल सांग

निपाणीहून फर्स्ट पीयूतल्या, म्हणजे अकरावीतल्या, एका मुलीचं पत्र आलंय. कॉलेजातल्या एड्स जागृतीच्या कार्यक्रमात तिने ऐकलं की एचआयव्ही झाल्यावर काही जण औषधाशिवायही बरीच वर्षं टिकतात आणि काही जण झटकन खालावतात, आणि याला आईबापाकडून आलेले जीन्सपण कारण असतात. तिला हेच शिकायचंय. बाबा म्हणतात मेडिकलची नीट परीक्षा दे नाहीतर नर्सिंगला जा, यात नोकरी कुठाय. आणि नीटला मॅथ्स लागत नाही तर ते पास होण्यापुरतंच केलं तर चालेल का, असं विचारलंय.

बाळा, मॅथ्सचं आधी सांगते. अजिबात सोडू नकोस. २०१० साली एक मोठा अभ्यास आला, त्यात औषधाविना व्हायरस दाबून ठेवणारे जवळपास १००० लोक आणि ज्यांना ते जमलं नाही असे २६०० हून जास्त, सगळ्यांचे जीन्स तपासले, आणि पक्के फरक जे सापडले ते सगळे सहाव्या क्रोमोसोमवर एकाच भागात, एचएलए जीन्सच्या आसपास. लाखो जागा तपासून खरा फरक कुठला आणि योगायोग कुठला हे स्टॅटिस्टिक्सशिवाय कळतच नाही गं.

आता हे एचएलए करतात काय बघ की. पेशीत व्हायरस शिरला की त्याचे बारीक तुकडे हे पेशीच्या बाहेर मांडतात, दुकानदार काचेत माल मांडतो तसं, आणि टी सेल, म्हणजे आजाराशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ते बघून ती पेशी मारतात. कुठला तुकडा मांडला जाणार हे वारशाने आलेल्या प्रकारावर असतं. एचएलएचा बी-५७ हा प्रकार असणाऱ्यांच्यात व्हायरसच्या गॅग प्रोटीनचे असे तुकडे पुढे येतात की व्हायरसने निसटायला ते बदलले तर त्याचीच वाढ मंदावते. बी-३५ या दुसऱ्या एचएलएच्या काही प्रकारांत उलटं, आजार लवकर पुढे जातो. पण बी-५७ म्हणजे कवच नव्हे, गोळ्या सगळ्यांनाच घ्याव्या लागतात, हे मैत्रिणींना सांगताना विसरू नकोस. आणि बी-५७ चाच ०१ हा उपप्रकार असेल तर अबाकाविर या एचआयव्हीच्याच औषधाची जीवघेणी रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून ते द्यायच्या आधी टेस्ट करतात.

बाबांच्या नोकरीच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. किडनी, बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या आधी हेच एचएलए जुळवून बघावे लागतात, त्याच्या लॅब मोठ्या शहरांत आहेत, तिथं एमएस्सी झालेली माणसं लागतात. बाबांची काळजी चुकीची नाही, नर्सिंगही चांगलंच, पण तुझा प्रश्न तिथं सुटणार नाही.

सेकंड पीयूनंतर आयसरची, म्हणजे विज्ञान शिकवणाऱ्या सरकारी संशोधन संस्थांची, प्रवेश परीक्षा दे, पुण्याचं आयसर तुम्हाला जवळच. नाही झालं तर बेळगावात बीएस्सी कर, घरचा खर्चही वाचतो, मग एमएस्सीच्या प्रवेशाला गॅट-बी नाहीतर सीयूईटी परीक्षा. पुढे पीएचडीला नेट परीक्षेतून जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर महिना ३७,००० रुपये, वर घरभाडं, हे बाबांना नक्की सांग. एचआयव्हीवरचंच काम पुण्यात भोसरीला आयसीएमआरच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, संस्थेत चालतं, जुने लोक नारी म्हणतात तिला, आणि बेंगळुरात जक्कूरच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमध्येही.

दहावीपर्यंत मराठी मीडियम होतं म्हणून भीती वाटते लिहिलंयस, ती दोन वर्षांत जाते. बायोचं इम्युनिटीचं धडं आत्ताच वाचून काढ, आणि बाबांना काही विचारायचं असलं तर त्यांनाच लिहू दे, मी सविस्तर उत्तर देईन.