घरी दिसणार नाही असा पहिला टॅटू कुठे काढावा?

प्रश्न थोडक्यात असा: वय २०, पुण्यात आईबाबांजवळ राहते, दोघांचाही टॅटूला ठाम नकार आहे, तरी काढायचाच आहे, तर घरी कळणार नाही अशी जागा सुचवा.

नाही सुचवत. टॅटू जरूर काढा, कातडी तुमची आहे. पण लपवता यावा म्हणून जागा निवडू नका. बारा वर्षं हेच काम करतोय. दुसरीकडे काढलेले आणि बिघडलेले पहिले टॅटू माझ्याकडे दुरुस्तीला येतात. सुई वाईट, शाई वाईट अशी प्रकरणं त्यात असतातच, पण सगळ्यात जास्त असतात ते लपवलेले. काम बरं झालेलं असतं, मातेरं होतं ते घरी गेल्यावर.

खुर्चीवरून उठता तेव्हा टॅटू अर्धाच झालेला असतो. सुई कातडीत एक ते दोन मिलिमीटर जाते आणि वरचा थर ओलांडून खालच्या थरात शाई सोडते. तिथल्या, बाहेरून आलेलं काहीही गिळणाऱ्या पेशी ती शाई गिळतात आणि तिथेच बसून राहतात, म्हणून टॅटू टिकतो. वरचा थर मात्र फाटलेला असतो, तो भरून यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिले दोन दिवस लस आणि जास्तीची शाई पाझरते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून पापुद्रे सुटतात, खाज येते. या दिवसांत दोन-तीनदा बिनवासाच्या साबणाने हलक्या हाताने धुवायचं, टॉवेलने न पुसता टिश्यूने टिपायचं, मॉइश्चरायझरचा अगदी पातळ हात फिरवायचा, वर सैल सुती कपडा. ऊन नाही, पोहणं नाही, खपली काढणं नाही. काम एवढंच, पण ते उघडपणे करता आलं पाहिजे. लपवणाऱ्याला यातलं काहीच धड जमत नाही.

एक मुलगी आली होती, वय १९. बरगड्यांवर, ब्राच्या पट्ट्याखाली, तीन इंची मोरपीस, बारीक रेषेतलं. काढलं दुसरीकडे, आणि जागाही तिथूनच सुचवलेली: "इथे काढ, आईला जन्मात दिसायचं नाही." नवव्या दिवशी माझ्याकडे आली ती हात अंगापासून लांब धरून. आतलं कापड टॅटूला चिकटलं होतं. सलाइनमध्ये भिजवलेला गॉझ वीस मिनिटं ठेवला, तेव्हा ते सुटलं. खाली मोरपिसाचा डोळा छान बसला होता, पण पट्टा जिथून जात होता तिथे अर्ध्या इंचाच्या पट्टीत पिवळी जाड खपली, भोवती लाली, आणि हाताला गरम लागत होतं. खपलीच्या फटींतून हळदीचे कण दिसत होते.

तिने नऊ दिवस काय केलं होतं ते विचारत गेलो. त्या कारागिराने स्वयंपाकघरातली प्लॅस्टिक फिल्म गुंडाळून पाठवलं होतं. ती दोन-तीन तासांत काढून धुवायची असते, हिने दोन दिवस काढली नाही, कारण शाई लागलेली फिल्म आणि टिश्यू घरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायची सोय नव्हती. आत लस साचून सगळं ओलंचिंब राहिलं, आणि ओल्या उबेत जंतू वाढतात. बाथरूम एकच, दार फार वेळ बंद ठेवलं की हाका सुरू, म्हणून धुणं पटापट. रात्री सैल टी-शर्ट घातला तर त्यावर काळे डाग पडतात, म्हणून ब्रा घालूनच झोपायची. सातव्या दिवशी दुखायला लागलं, तेव्हा औषधाच्या दुकानात जायचं सोडून रात्री स्वयंपाकघरातली हळद तेलात कालवून लावली. ताज्या टॅटूला हळद लावायची नाही. ती निर्जंतुक नसते आणि खपलीत रुतते.

मी टॅटूला हात लावला नाही. त्याच संध्याकाळी त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवलं, आठवडाभर गोळ्या घ्याव्या लागल्या. दोन महिन्यांनी टच-अपला आली तेव्हा आई सोबत होती. चिठ्ठी आणि गोळ्या घरात आल्यावर कळायचं ते कळलंच. त्या बाई माझ्यासमोर मुलीला एकच म्हणाल्या, "पू झाला तेव्हा तरी सांगायचंस गं." मग मला विचारलं की या वेळी धुवायला कोणता साबण आणू. त्या वेळी टॅटू पाच दिवसांत सुकला. तरी मोरपिसाचे दोन केस आजही पुसटच आहेत, कारण व्रण झालेल्या कातडीत शाई नीट धरत नाही.

म्हणून माझ्या धंद्यातल्या लोकांशी माझं भांडण आहे. "गिऱ्हाईक १८ चं झालं, घरच्यांशी आपला काय संबंध" असं म्हणतात आणि त्याच तोंडाने लपणारी जागा विकतात. संबंध आहे. घरी उघडपणे धुता येणार आहे का, हा प्रश्न त्वचेबद्दलचाच आहे. मधुमेह आहे का हे आपण विचारतो, तसंच हेही विचारायला हवं. मी विचारतो. "घरी कळता कामा नये" असं उत्तर आलं की तारीख देत नाही.

बाकीच्या लपणाऱ्या जागांचं सांगून टाकतो. घोट्याखाली आणि पावलावर चपलेचा पट्टा, धूळ, पावसाळ्यात चिखल. बोटाच्या आतल्या बाजूची कातडी सतत झिजते, तिथली रेष वर्षभरात तुटक दिसते. ओठाच्या आतली त्याहून लवकर जाते. बरगड्यांवर कातडी पातळ आणि श्वासाबरोबर हलती. नवख्याला दुखतं म्हणून अंग आकसतं, सुई खोल जाते, शाई खाली पसरते आणि रेषेभोवती निळसर सावली उमटते. ब्लोआउट म्हणतात त्याला, आणि तो टच-अपने जात नाही.

पहिला टॅटू डाव्या हाताच्या आतल्या बाजूला काढा, कोपर आणि मनगटाच्या मधोमध, मनगटाच्या घडीपासून तीन-चार बोटं वर. कातडी सपाट, घासणं कमी, दुखणं सोसवेल इतकं, आणि उजव्या हाताने एकट्याने धुता येतं. आणखी एक कारण आहे. सैन्यभरतीत कायमचा टॅटू चालतो तो कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि पंजाच्या मागच्या बाजूला. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या परंपरेमुळे सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत आतल्या बाजूचा हात डावाच लागतो, कारण उजव्याने सॅल्यूट करतात, आणि आकार त्या भागाच्या पाव हिश्शाहून लहान हवा. भरतीचा विचार कधी मनात आला असेल, तर त्या वर्षीची जाहिरात वाचल्याशिवाय सुई लावून घेऊ नका.

आकार दोन-अडीच इंचांपेक्षा लहान नको. "छोटासाच काढते, म्हणजे आई कमी चिडेल" हाही लपवण्याचाच प्रकार. प्रत्येक रेष वर्षागणिक थोडी जाड होते, नखाएवढ्या चित्रातल्या रेषा एकमेकींत मिसळतात. मराठी अक्षरं काढणार असाल तर हे फारच जपा. भ आणि म, घ आणि ध यांच्यातला फरक म्हणजे डोक्यावरची एक गाठ आणि शिरोरेषेतली फट. पाच मिलिमीटर उंचीच्या अक्षरात ती फट काही वर्षांत बुजते आणि "शुभ"चं "शुम" होतं. अक्षराची उंची किमान दहा मिलिमीटर ठेवा, वरची वेलांटी आणि खालचा उकार सोडून. मराठी मजकूर डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला की पहिली वेलांटी पुढच्या अक्षराला जाऊन चिकटते, रफार सरकतो, जोडाक्षर फुटतं. "आशीर्वाद" मी तीन वेगवेगळ्या चुकांसह कातडीवर पाहिलाय. मजकूर हाताने कागदावर लिहून न्या आणि स्टेन्सिल, म्हणजे सुई लावण्याआधी कातडीवर उमटवतात ती नक्कल, अक्षरन् अक्षर त्याच्याशी ताडून पाहा. आई मनवावी म्हणून "आई" मात्र काढू नका. तिचा राग त्याने जात नाही, आणि तुम्हाला काढायचं होतं ते राहून जातं.

स्टेन्सिल लावताना उभं राहा, हात सैल सोडा. टेबलावर हात वळवून लावलेलं चित्र उभं राहिल्यावर तिरपं दिसतं. लावल्यावर दहा मिनिटं वाळू द्या, आरशात बघा. पटलं नाही तर पुसायला सांगा, चारदा सांगावं लागलं तरी सांगा. जांभळी रेष स्पिरिटने जाते, पुढची जात नाही.

दुकान कसं पारखायचं? सुईचं कार्ट्रिज तुमच्यासमोर फोडलं पाहिजे. पाकिटावर लॉट नंबर, निर्जंतुक केल्याची खूण आणि मुदतीची तारीख असते, ती वाचा. शाई लहान टोपणात काढून घेतात आणि उरलेली फेकतात, बाटलीत परत ओततात ते दुकान सोडा. मशीनची स्टीलची मूठ (ग्रिप) पुन्हा पुन्हा वापरत असतील तर दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह हवा, १२१ अंशांवर किमान १५ मिनिटं. नुसत्या उकळत्या पाण्याने किंवा निळ्या दिव्याच्या पेटीने भागत नाही. ग्रे शेड करायला शाई कशात पातळ करतात तेही विचारा. "डिस्टिल्ड वॉटर" हे उत्तर पुरेसं नाही, डिस्टिल्ड म्हणजे निर्जंतुक नव्हे. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये २०११-१२ साली एकाच कारागिराकडून टॅटू काढलेल्या १९ जणांना क्षयाच्या जंतूच्या भाऊबंदाचा त्वचासंसर्ग झाला होता. कारागीर स्वच्छतेने काम करत होता, दोष निघाला आधीच पातळ करून आलेल्या ग्रे शाईत.

जायच्या दोन तास आधी पोटभर जेवा, आदल्या दिवसापासून दारू नको. उपाशी आलेली माणसं पहिल्या दहा मिनिटांत पांढरीफटक पडतात. बधिर करणारं क्रीम लिडोकेन-प्रिलोकेनचं, अडीच-अडीच टक्क्यांचं असतं. लहान टॅटूला त्याची गरज नाही. मोठ्या भागावर जाड थापून प्लॅस्टिक गुंडाळलं तर औषध रक्तात जाऊन जिवावर बेतू शकतं, आणि कातडी रबरासारखी होऊन रेष हलते.

आता आईबाबा. त्यांचा नकार दोन धाग्यांचा असतो. "लोक काय म्हणतील" याला माझ्याकडे औषध नाही. दुसरा धागा आजाराचा, नोकरीचा आणि पुढे पस्तावण्याचा, आणि तो खोटा नाही. त्यांनी जत्रेत एकाच सुईने रांगेतल्या दहा जणांना गोंदताना पाहिलंय, आणि तशा सुईने कावीळ बी, सी आणि एचआयव्ही पसरू शकतात. तेव्हा "आजीच्या हातावरही गोंदण होतंच ना" हा मुद्दा काढू नका. टॅटूवाल्यांचा हा आवडता डायलॉग आहे आणि मला तो अजिबात मान्य नाही. कितीतरी आज्या सांगतील की त्यांना लहानपणी धरून बसवून गोंदलं होतं. तुमचं म्हणणं तर स्वतः ठरवण्याचं आहे, त्याला तो दाखला कसा चालेल? त्यापेक्षा त्यांना एकदा दुकानात न्या. खुर्ची दाखवा, पाकीट हातात द्या. कावीळ बी ची लस झाली नसेल तर आधी घ्या, तीन डोस, ०, १ आणि ६ महिन्यांनी. त्या सहा महिन्यांत चित्र बदलावंसं वाटलं नाही, तर पस्तावण्याचा मुद्दाही बराचसा निकालात निघतो. परवानगी मागू नका, तारीख सांगा.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. ज्या घरात सांगितल्यावर मारहाण किंवा शिक्षण बंद होण्याची भीती आहे, तिथे हे लागू नाही. स्वतःच्या खोलीवर राहायला लागेपर्यंत थांबा, तोपर्यंत जागुआचा, म्हणजे एका फळाच्या रसाचा तात्पुरता टॅटू काढा, तो दहा-बारा दिवस राहतो. काळी मेंदी नको, तिच्यातल्या केसांच्या रंगाच्या रसायनाने फोड येतात. कान टोचल्यावर किंवा कापल्यावर गाठीसारखा व्रण वाढत असेल, तर टॅटूवरही तो वाढू शकतो. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर त्या बंद झाल्यावर सहा महिने थांबा. ॲलर्जी सर्वांत जास्त लाल शाईची होते, पहिल्या वेळी काळीच घ्या. टॅटूनंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही. लेझरने काळा टॅटू फिका होतो, पण दीड-दोन महिन्यांच्या अंतराने सहा ते दहा बैठका लागतात, खर्च टॅटूच्या कितीतरी पट, आणि आपल्या सावळ्या कातडीवर पांढरट डाग राहायची भीती.

तारीख ठरवताना पुढचे तीन आठवडे बघा. होळी-रंगपंचमी, गणपती विसर्जन, तारकर्लीची सहल यातलं काही मध्ये येत असेल तर नंतर काढा. गोव्यात पहिल्याच दिवशी काढून दुसऱ्या दिवशी समुद्रात उतरलेल्यांचे टॅटू दुरुस्त करण्यात माझा अख्खा जानेवारी जातो. पुण्यात नोव्हेंबर-डिसेंबर बरा, घाम कमी. दुपारची वेळ घ्या, म्हणजे पहिलं धुणं संध्याकाळी घरी, दिवाबत्तीच्या वेळी, सगळ्यांसमोर होईल.