एपिजेनेटिक्स आणि गुणसूत्रांचं नियमन म्हणजे नेमका कशाचा अभ्यास?

तुम्ही विचारलंय की मुलीला एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मिळालेल्या मॅडमचा विषय हा आहे, आणि डीएनए बदलतच नसेल तर त्या शोधतात तरी काय?

मी मुंबईतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. वर्गात जिथून सुरुवात करते तिथूनच सांगते. तुमच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये जास्वंदीची कुंडी आहे का? उन्हाळ्यात तिच्या शेंड्यांवर कापूस बसल्यासारखं दिसतं, पानं आकसतात. तो पिठ्या ढेकूण. आपण त्याला साबणाच्या पाण्याने धुवून टाकतो, पण गुणसूत्रं, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या गुंडाळ्या, गप्प कशी बसतात हे दाखवायला त्याच्याइतका चांगला प्राणी मला माहीत नाही.

त्याच्या पेशीत 10 गुणसूत्रं असतात, 5 आईकडची आणि 5 बापाकडची. आपल्यासारखं एक्स-वाय काही नाही. मादीत दहाही कामाला लागलेली असतात. नरात मात्र, गर्भ अगदी लहान असतानाच, बापाकडची पाचही आवळून त्यांचं गाठोडं होतं आणि त्यांवरची बहुतेक जनुकं बंद पडतात. त्या कापसात गुलाबीसर अंडी असतात. त्यांतली थोडी वाढलेली काचपट्टीवर घ्यायची, असिटोकार्माइन या लाल रंगद्रव्याचा थेंब टाकायचा, कव्हरस्लिप ठेवायची आणि टिपकागदावरून अंगठ्याने दाबायचं. नर गर्भ असेल तर केंद्रकाकेंद्रकात एक गडद लाल ठिपका दिसतो, तेच ते गाठोडं. मादी असेल तर तसा ठिपका नाही. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी बराच वेळ मायक्रोस्कोपवरून उठलेच नव्हते.

स्पेन्सर ब्राउन आणि वॉल्टर नेल्सन-रीस या शास्त्रज्ञांनी पिठ्या ढेकणाच्या नरांवर क्ष-किरणांचा जबर मारा करून त्यांची पिल्लं तपासली. 1961 साली हे काम प्रसिद्ध झालं. मुली मेल्या, मुलगे तगले. बापाची गुणसूत्रं दोघांनाही मोडकीच मिळाली होती, पण मुलग्यांना ती वापरायचीच नव्हती.

आता खरी गंमत. हा नर आपल्या शुक्राणूंतून पुढे देतो ती फक्त आईकडून आलेली पाच. म्हणजे जी त्याच्या अंगात जन्मभर चालू होती, तीच त्याच्या मुलाच्या अंगात बंद आणि मुलीच्या अंगात चालू. डीएनएची अक्षरं तिन्ही ठिकाणी तीच! मग हे गुणसूत्र बापाकडून आलंय हे पेशीला कळतं कशावरून? डीएनएवर आणि तो ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांवर बारीक रासायनिक खुणा असतात. त्या कोण लावतं, कोण वाचतं, पेशी दुभंगली तरी त्या टिकतात कशा आणि पुसल्या कधी जातात, हेच या विषयात शोधतात.

आपल्यातही हे आहेच. बाईच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात आणि त्यांतला एक असाच आवळून बसतो. ही कल्पना ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी मांडली, तीही 1961 मध्येच. मासळी बाजारात काळी-केशरी-पांढरी मांजर दिसली तर ती बहुधा मादीच असते. काळा की केशरी हे ठरवणारं जनुक एक्सवर असतं; काळ्या ठिगळात एक एक्स झोपलेला, केशरीत दुसरा.

एक मात्र कळकळीने सांगते. ‘विचारांनी जनुकं बदला’ म्हणत एपिजेनेटिक्सच्या नावाने शिबिरांच्या जाहिराती येतात. हा विषय असं काहीही सांगत नाही, त्यात पैसे घालवू नका.

मुलीच्या वाट्याला बहुतेक कंटाळवाणं काम येईल. शेकडो केंद्रकं मोजायची आणि तोच प्रयोग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा लावायचा. तिला करू द्या. आणि जास्वंदीवर पिठ्या असेल तर आठवडाभर धुवू नका, एक फांदी तिच्यासाठी ठेवा. पाऊस लागला की तो बराचसा धुवून जातो, म्हणून जूनच्या आत बघा.