वॅगल डान्सला ‘वळवळ नाच’ का म्हणू नये?

प्रश्न असा आहे: फुलं कुठे आहेत ते इतर माश्यांना सांगणाऱ्या, मधमाश्यांच्या ‘वॅगल डान्स’ला मराठीत काय म्हणावं? ‘कंपन नृत्य’ आणि ‘दिशादर्शक नृत्य’ हे दोन्ही शब्द वाचनात आले, त्यातला योग्य कुठला?

मला दोन्ही पटत नाहीत. मी ‘वळवळ नाच’ म्हणेन.

आधी माशी नेमकं काय करते ते पाहू. फुलोरा सापडलेली कामकरी माशी परत येते, उभ्या पोळ्यावर पाय रोवते आणि पोटाकडचा भाग सेकंदाला साधारण १३ ते १५ वेळा डावीउजवीकडे फेकत थोडी पुढे सरकते. पंखांची गुणगुण चालूच. मग एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून वळसा घेऊन मूळ जागी येते आणि पुन्हा तेच. ती सरळ वर गेली, तर फुलं सूर्याच्या दिशेला. उभ्या रेषेच्या ४० अंश उजवीकडे गेली, तर सूर्याच्या दिशेपासून ४० अंश उजवीकडे. हलणं जितका वेळ चालेल तितकं अंतर जास्त. बंदिस्त जागेतल्या पोळ्यात मिट्ट काळोख असतो, त्यामुळे तिथल्या बाकीच्या माश्या हा नाच बघत नाहीत. नाचणारीच्या अंगाला शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) भिडवून तिच्या मागेमागे फिरतात.

आता शब्द. या नाचाचा अर्थ लावणारे शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांचा जर्मन शब्द आहे ‘श्वेन्त्सेलटान्झ’. कुत्रं शेपूट हलवतं त्या क्रियेला जर्मनमध्ये ‘श्वेन्त्सेल्न’ म्हणतात. म्हणजे नाव हालचालीवरून पडलं, अर्थावरून नाही, आणि ते फार बरं झालं. १९२० च्या दशकात फ्रिशना वाटत होतं, की हा नाच परागासाठी आणि माशी नुसती गोल फिरते तो गोल नाच मकरंदासाठी. १९४० च्या दशकात त्यांनीच ते मत सोडलं आणि दिशा-अंतराचा उलगडा केला. नाव ‘पराग नृत्य’ असतं तर टाकून द्यावं लागलं असतं. ‘दिशादर्शक’ला माझा आक्षेप हाच, शिवाय त्यात अंतर राहूनच जातं.

‘कंपन’ आणि ‘थरथर’ इथे नकोत, कारण थरथरण्याचा नाच वेगळाच आहे. मकरंद घेऊन आलेल्या माशीला तो उतरवून घेणारी माशी लवकर भेटली नाही, की ती अंग थरथरवत पोळ्यावर हिंडते. मकरंद उतरवायला आणखी माश्या हव्यात, असा तो निरोप. त्याला ‘थरथर नाच’ हे नाव राखून ठेवलेलं बरं. ‘डोलणं’ही नको, पीक डोलतं, नाग डोलतो, त्यात संथपणा आहे.

राहिली वळवळ. पालीची तुटलेली शेपटी आठवा: भरभर, आडवी, शेपटाकडची हालचाल. किड्यांमुळे हा शब्द काहींना किळसवाणा वाटेल, पण मराठीत जीभही वळवळते, ती काही सांगितल्याशिवाय राहवत नाही तेव्हा. फुलं सापडलेल्या माशीचं तेच तर होतं.

‘नृत्य’पेक्षा ‘नाच’ मला जवळचा वाटतो, एवढंच. वाक्यात घालून पाहा: ‘माशी जितकी जास्त वेळ वळवळली, तितकी फुलं दूर.’