भावा, तो दुधीचा रस आधी थांबव

तुझी पोस्ट सकाळी चहा पिताना वाचली आणि सहा वर्षांपूर्वीचा मीच दिसलो की. शुगर काठावर, घरात तेल कमी केलेलं, लक्ष्मीपुरीच्या मंडईतनं पिशवी भरून भाजी आणायची आणि त्यातली निम्मी फ्रीजमध्ये काळी पडायची, म्हणून मग सगळं मिक्सरला फिरवून उपाशीपोटी दुधी-कारलं-काकडीचा रस. पण शेवटी तू सहज लिहून गेलायस, "दोन दिवस रस जरा जास्तच कडू लागतोय, मळमळतं, कारल्यामुळं असेल." त्या वाक्यासाठी हे लांबलचक लिहितोय. उद्या सकाळी तो रस पिऊ नकोस.

भाजी धुवून घे, ताजी घे, हे तुला कुणीही सांगेल, ते सोडतो.

मी तेव्हा एका डाएट सेंटरचा चार्ट घेतला होता. नाव घेत नाही, उगच वाद नको. पैसे भरपूर, चार्ट छापील. ब्रोकोली, झुकिनी, किवी, आणि रोज सकाळी हाच रस. मी विचारलं, आपली पोकळ्याची पालेभाजी चालंल काय, तर तिथल्या मॅडम म्हणाल्या, ते काय असतं? तिथंच उठून यायला पाहिजे होतं. पण पैसे भरले की माणूस ऐकतो.

मे महिना होता. त्या दिवशी रस कडूजहर. मला वाटलं कारलं जून असेल, नाक दाबून अख्खा ग्लास संपवला, वर आणि कडू म्हणजे औषध असं स्वतःलाच सांगितलं. अर्ध्या तासात उलट्या, मग जुलाब. सेंटरला फोन केला तर म्हणतात, "डिटॉक्स होतंय सर, सुरुवातीला होतं असं, रस बंद करू नका." त्या एका उत्तरावर मी दोन तास घालवले, त्याचा राग आजही जात नाही. उलटीत लाल दिसलं तेव्हा शेजाऱ्यांनी रिक्षात घातलं. बीपी पार खाली. तीन दिवस ॲडमिट. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "दुधी घातला होता का?"

घरात अर्धा दुधी शिल्लक होता. आईनं फोड जिभेला लावली आणि थुंकली. ती आयुष्यभर दुधी, काकडी, दोडका काहीही चिरलं की आधी एक चकती चाखून बघायची, कडू निघाला की सरळ टाकून द्यायची. मला ती जुन्या लोकांची सवय वाटायची. मिक्सर आल्यावर मी तो चाखायचा टप्पाच गाळला, आणि कारलं घातल्यामुळं दुधीचा कडूपणा त्यात लपला. माझी चूक एवढीच आणि एवढी मोठी.

तर समजून घे. दुधी, काकडी, दोडका ही एकाच कुळातली. त्यांच्यात कधीकधी कुकुर्बिटासिन नावाचं कडू विष तयार होतं, झाडाला पाण्याचा ताण बसला, फार ऊन लागलं, फळ जून झालं की जास्त. बाहेरनं बघून अजिबात कळत नाही, कोवळा दिसणारा दुधीही कडू निघू शकतो. शिजवून ते जात नाही, आणि त्यावर उतारा असं काही औषध नाही, सलाईन आणि लक्षणांप्रमाणे उपचार, बास. कारल्याचा स्वतःचा कडूपणा वेगळा, त्याची भाजी बिनघोर खा. 2010 मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञांचा असाच दुधी-कारल्याचा रस पिऊन मृत्यू झाला होता, त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं तज्ज्ञांची समिती नेमली. तिचंही सांगणं आईसारखंच होतं, रस करण्याआधी दुधीचा तुकडा चाखा, कडू लागला तर टाका, आणि दुधीत दुसरा कुठलाही रस मिसळू नका. पिऊन त्रास झालाच तर फोनाफोनी न करता थेट दवाखाना.

मी डॉक्टर नाही, हे अनुभवावरनं आणि नंतर वाचलेल्यावरनं सांगतोय. तुझी मळमळ थांबत नसेल तर आजच दाखवून ये. आणि शुगरची गोळी चालू असेल तर कारल्याचा रस वगैरे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, गोळी आणि कारलं मिळून शुगर खालीही जाऊ शकते.

आता माझं मत, पटलं तर घे. रस हा प्रकारच मला आता पटत नाही. गाळला की चोथा जातो, आणि शुगरवाल्याला तो चोथाच तर हवा असतो. फळांचंही तेच, पेरू चावून खा, मोसंबीच्या फोडी खा, ग्लासभर रसाला चार मोसंबी लागतात आणि पोट भरत नाही ते वेगळंच. आंबा मी सोडलेला नाही, दोन फोडी खातो, आमरसाची वाटी मात्र बंद.

भाजी सडते कारण तू आठवड्याची एकदम आणतोस आणि सीझन सोडून आणतोस. थंडीत चाकवत, करडई, हरभऱ्याचा पाला किती छान येतो, आणि आपण तेच सोडून येतो! चाकवताचं गरगट्टं कर, थोडी हरभऱ्याची डाळ, घोटायचं, वरनं ताक, लसणाची फोडणी. पोकळा नुसता लसूण-मिरचीवर परत, जोंधळ्याची भाकरी, संपलं. भोगीला जी मिसळीची भाजी आपल्याकडं होते, गाजर, वांगं, पावटा, ओला हरभरा, ती वर्षातनं एकदाच का करायची हे मला आजवर कळलेलं नाही. पावसाळ्यात पालेभाजी जरा कमीच, माती आणि किडी फार, तेव्हा दोडका-घेवडा बरा. अळू केलंस तर चिंच विसरू नको, नाहीतर घसा खाजवत बसशील.

आणि भाजीतली चटणी कमी करू नका म्हणावं घरच्यांना! हेल्दी म्हणून पांचट भाजी केली तर कोल्हापुरात कोण खाणार? आमच्याकडं पहिले दोन महिने सगळे बाहेर मिसळ खाऊन यायचे आणि घरात दुधी तसाच. मग चमचाभर कांदा-लसूण चटणी परत आली, तेल मोजून घातलं, वर शेंगदाण्याचं कूट, आता पोरगासुद्धा दोडका खातो. मीठ मात्र बघून, कारण तयार चटणीत आधीच असतं.

दुधी आम्ही अजून खातो. चकती चाखायचं काम आता पोराकडं आहे. मंडईला दर दोन दिवसांनी जा, कापडी पिशवी ने, आणि मेथी प्लास्टिकमध्ये बांधून ठेवू नको, घाम सुटून एका रात्रीत पिवळी पडते.