नॅन्सी ड्रू या मुलगी-डिटेक्टिव्हची इंग्रजी पुस्तकमालिका लिहिणारी कॅरोलिन कीन खरंच कोणी होती का?

नाही, त्या नावाची कोणी बाई नव्हतीच. ते स्ट्रॅटमायर सिंडिकेट या कंपनीचं टोपणनाव, वेगवेगळ्या लोकांनी वापरलेलं. पण सुरुवातीच्या ३० पैकी २३ पुस्तकं एकटीने लिहिली ती मिल्ड्रेड बेन्सनने, जन्म १९०५, अमेरिकेतलं आयोवा.

कंपनी कथानकाचा आराखडा पाठवायची, हिने त्यावरून अख्खं पुस्तक लिहायचं, सुरुवातीला पुस्तकामागे साधारण १२५ डॉलर हातात, रॉयल्टी शून्य, आणि वर लेखिका मीच हे कुणाला सांगायचं नाही असा करार. पुस्तकं लाखांनी खपली तरी हिला त्यातलं काही नाही, हे मला अजून खटकतं. पुढे १९८० मध्ये प्रकाशकांची आपापसात कोर्टकेस झाली, त्यात हिची साक्ष झाली आणि मग कुठे खरं नाव नीट बाहेर आलं.

बाई मात्र जबरदस्त, सगळी मिळून १३० च्या वर पुस्तकं, शिवाय अमेरिकेतल्याच टोलीडो शहराच्या पेपरात पत्रकारिता, साठीच्या आसपास विमान चालवायचं लायसन्स काढलं, आणि २००२ मध्ये वारली त्या दिवशीसुद्धा ९६ व्या वर्षी ऑफिसात कामच करत होती. तिची स्वतःची लाडकी नायिका नॅन्सी नव्हे, पेनी पार्कर, ती मालिका तिने स्वतःच्या नावावर लिहिली, मिळाली तर आधी तीच वाचा.